घराण्यात काही नाही

कारापूर, ३ ऑक्टोबर २०२५

कमल,

मायना घालत नाही. घातला तरी तुला राग येईल, न घातला तरी येईल. अक्षर एवढं मोठं आणि काळ्या स्केचपेनने काढलंय ते तुझ्यावर ओरडायला नव्हे, मलाच बारीक दिसत नाही म्हणून. फोन केला असता, पण तू माझा उचलत नाहीस, आणि उचललास तरी आपण दोघं एकमेकांचं काय कपाळ ऐकणार. रुद्रेश म्हणाला, "बाबा, तुम्ही सांगा, मी मोबाईलवर टाइप करून आत्तेला पाठवतो." पोराला सांगून लिहून घेण्यासारखं हे नाही.

कामाचं आधी सांगतो. मला एक आजार निघालाय. साखर, कान आणि डोळे, तिन्ही त्या एकाच आजाराने बिघडतात. दुर्मीळ आहे म्हणतात. तो आईकडून आलाय, म्हणजे तुलाही असणार, आणि तुझ्याकडून पल्लवीला. पल्लवीला सहावा महिना लागलाय आणि तिला साखर निघालीय हे संजनाने सांगितलं. तुझी लेक आणि माझी लेक अजून बोलतात एकमेकींशी, तेवढं एक बरं आहे. तर पल्लवीला साखरेच्या ज्या गोळ्या दिल्यात त्या या आजारात सहसा देत नाहीत, काही जणांना त्या बाधतात. म्हणून तू बांबोळीच्या हॉस्पिटलात ये, रक्त आणि लघवी तपासायला दे, आणि पल्लवीच्या डॉक्टरांना हे सगळं सांग. त्यांना कळेल असा कागद सोबत जोडलाय.

काम एवढंच. बाकी तुझी मर्जी.

दत्ताराम


कारापूर, ११ ऑक्टोबर

कमल,

पत्र परत आलं. पाकिटावर 'घेण्यास नकार' असं लिहून आलंय. नकार तुझा की विठ्ठलरावांचा, ते पोस्टाला काय, शिक्का एकच. माझा अंदाज विठ्ठलरावांचाच. तर हे दुसरं आणि ते परत आलेलं, दोन्ही बाबलीकडे देतोय. तुझ्या वाड्यावरचा बाबली, बाजाराच्या दिवशी मिरची घेऊन साखळीला येतो तो. त्याला बजावलंय, कमलच्याच हातात द्यायचं, तिच्या नवऱ्याच्या नाही.

तू म्हणशील, दत्तारामला एकदम आजाराचं एवढं ज्ञान कुठून आलं. सांगतो.

साखर मला बेचाळिसाव्या वर्षी निघाली. मी म्हटलं, टिपरवाल्याचं खाणं ते काय, सकाळी उंडा पाव आणि गोड चहा, दुपारी गाड्यावरची भजी आणि परत चहा. अंगावर मांस नाही, पोट नाही, तरी साखर. कान जायला लागले तेव्हा म्हटलं, वीस वर्षं टिपर हाकला, वर खाणीत ब्लास्टिंग, खाली आमोण्याच्या धक्क्यावर बार्जमध्ये खनिज ओतायचं, कान राहणार कसे. डोळ्यांपुढे डाग दिसायला लागले तेव्हा म्हटलं, लाल धूळ गेली असणार. आपल्याकडे हे असंच चालतं. कोणाला काही झालं की खाणीवर ढकलायचं, खाण काही उलट बोलत नाही. तीन दुखण्यांना तीन कारणं तयार होती आणि मला तिन्ही पटत होती. अठरा साली खाणी बंद झाल्या, टिपर दारात गंजत पडला, धूळ बसली, खाणीचा भोंगा वाजायचा थांबला. कान मात्र जातच राहिले. तेव्हाही माझ्या टाळक्यात काही शिरलं नाही.

गेल्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरने मशीनमध्ये बघितलं आणि म्हणाला, हे डाग साखरेचे नाहीत. मग विचारलं, कानाला यंत्र कधीपासून. मग, आईला साखर होती का, ऐकू यायचं का. मी चिडलो. म्हटलं, मी डोळे दाखवायला आलोय, माझ्या आईशी तुम्हाला काय करायचंय. त्याने शांतपणे बांबोळीला एका डॉक्टरणीकडे पाठवलं. सिद्धी तिचं नाव. वयाने आपल्या संजनाहून लहान, पण माझ्या कानाजवळ येऊन एकेक शब्द सुटा बोलते, म्हणून मला पहिल्या दिवसापासून आवडली.

तिने समजावलं ते असं. आपल्या अंगात जिथे तिथे बारीक बारीक चुली असतात. त्यांच्यावर अंग चालतं. आपल्यातल्या काही चुली जन्मापासून नीट पेटत नाहीत. जिथे जळण जास्त लागतं ते आधी थकतं. कानाचा आतला भाग, डोळ्याचा पडदा, आणि पोटातली ती ग्रंथी, साखर सांभाळणारी. म्हणून तिन्ही एकदम. पूर्ण बरं करणारं औषध नाही, पण ठाऊक असलं तर साखर नीट सांभाळता येते, हृदय आणि मूत्रपिंडं तपासत राहता येतं, नको ती गोळी टाळता येते.

तू ऐकणार नसशील तर निदान हा कागद पल्लवीला दे.

दत्ताराम


कारापूर, २३ ऑक्टोबर

कमल,

आज भाऊबीज आहे म्हणून लिहितोय असं समजू नकोस. बाबली बाजाराला येतो म्हणून आज लिहितोय. तो सांगत होता, तू दोन्ही पत्रं घेतलीस, उघडली नाहीस, कमरेला खोचलीस आणि त्याला विचारलंस मिरची काय भाव. उत्तर म्हणून त्याने मला तुझ्याकडचा मिरचीचा भाव सांगितला.

पल्लवीचा सातवा जवळ आला. तुला कळत कसं नाही.

बरं, मी चिडत नाही. मागच्या पत्रात एक गोष्ट सांगायची राहिली. राहिली म्हणजे मी ठेवली.

डॉक्टरणीने मोठा कागद घेतला आणि म्हणाली, कुटुंबाची माहिती सांगा, मी आकृती काढते. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. मी ताठ बसलो. आपली वंशावळ मला तोंडपाठ आहे तुला माहीत आहे, सात पिढ्या धडाधड सांगितल्या. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे सगळे चौकोनच झाले, काका. आईच्या आईचं नाव काय?"

मला सांगता येईना. आजीचं सासरचं नाव जानकी, ते लग्नात बदललेलं. तिचं खरं नाव काय, तिच्या बहिणी किती, कुठे दिल्या, काही ठाऊक नाही. आपल्या वंशावळीत बायका नाहीतच. आणि हा आजार नेमका बायकांच्याच वाटेने येतो. चूल आईच देते म्हणाली डॉक्टरीण, बाप देत नाही. आजीने आईला दिली, आईने तुला आणि मला. माझ्यापुढे ती जात नाही. तुझ्यापुढे जाते. तुझ्या स्वप्नीललाही आली असेल, पण त्याच्यापाशी थांबेल. पल्लवीची तिच्या बाळाला जाईल.

"म्हणजे तुमच्या संजनाला आणि रुद्रेशला तुमच्याकडून काही धोका नाही," ती म्हणाली. मी खुर्चीत पाय पसरून बसलो. खरंच सांगतो, एवढं सुख मला कित्येक वर्षांत झालं नव्हतं. तिने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तुम्हाला बहीण आहे ना?"

मी म्हटलं, आहे. पेडण्याला असते. आमचं बोलणं नाही.

ती म्हणाली, मग बोला.

तर बोलतोय. आणि बोलायचंच तर अर्धं कशाला. आई जायच्या आधी आठ दिवस, मी तिच्या उशाशी होतो, ती आपणहून म्हणाली, "दत्ता, आमच्या बायलमनशांचे कान चाळिशीक जातत. माझ्या आवशीचे गेले, मावशीचे गेले. कमळाचे जातले, तिका सांभाळ." आईकडच्या बायकांचे कान जातात हे मला सोळा वर्षांपासून माहीत आहे. खाण, भोंगा, धूळ, ते मी तुला मागच्या पत्रात लिहिलं ना, ते अर्धंच खरं. मला पटत होतं असं नाही. मी पटवून घेत होतो.

मी तुझ्या उत्तराची वाट बघतो.

दादा


कारापूर, २ नोव्हेंबर

कमल,

उत्तर नाही. ठीक. तुझ्या जागी मी असतो तर पत्रं चुलीत घातली असती आणि बाबलीलाही दोन शिव्या दिल्या असत्या.

आता देवळाचं लिहितो. ते लिहिल्याशिवाय तू माझ्या एकाही शब्दावर विश्वास ठेवणार नाहीस.

चौदा सालचा मार्च. संजनाचं साखळीला कृष्णनाथशी ठरत होतं. माणसं चांगली, मुलगा नोकरीला, पोरीला पसंत. बोलणी झाली आणि उठताना तिच्या सासऱ्यांनी सहज विचारलं, घराण्यात काही नाही ना? मी म्हटलं, काही नाही. त्याच आठवड्यात तुझ्या सासूबाईंचा निरोप आला की माहेरच्या माणसाने यावं, देवळात चार माणसांपुढे निवाडा व्हायचाय.

सासूबाई काय म्हणाल्या ते मला अजून पाठ आहे. हाक मारली की येत नाही, पाहुणा दारात उभा राहिला तरी बघत नाही, कुकर शिट्ट्या मारून मारून करपला, आणि विचारलं की म्हणते ऐकू आलं नाही. आता एक काय ते ठरवा. खरंच बहिरी असेल तर हे माहेरचं दुखणं, लग्नाच्या वेळी लपवलं, आम्हाला फसवलं. बहिरी नसेल तर ही मुद्दाम आमचा अपमान करते. विठ्ठलराव मान खाली घालून बसले होते. तू खांबाला टेकून उभी होतीस, हिरव्या साडीत. आणि पहिल्या रांगेत कृष्णनाथचे मामा बसले होते. ते पेडण्याचे, हे मला तोवर माहीत नव्हतं.

दोघांपैकी एकजण खोटा ठरणार होता, तू नाहीतर मी. मी तुला ठरवलं.

समोर नारळ ठेवला होता. त्यावर हात ठेवून मी म्हणालो, आमच्या घराण्यात काही नाही. आईचे कान खाणीच्या ब्लास्टिंगने गेले. हिला व्यवस्थित ऐकू येतं, लहानपणापासून हट्टी आहे, हवं तेच ऐकते.

घरी येताना बसमध्ये मी स्वतःची समजूत काढली ती ऐक. म्हटलं, खोटं कुठे बोललो? घराणं म्हणजे बापाचं. आई दुसऱ्या घरची, तिचं दुखणं तिच्या माहेरचं, आमच्या घराण्यात खरोखरच काही नाही. असा हुशार मी. आता डॉक्टरीण कागदावर दाखवते तर शब्दाशब्दाने खरं निघालं. घराण्यात नाहीच. ज्या वाटेने येतं तिला नावच नाही.

आणि ज्या संजनासाठी मी तुला बळी दिलं तिला कधी काही होणारच नव्हतं. मी खरं बोललो असतो तरी तिचं काही बिघडलं नसतं. अकरा वर्षं मी मनाशी म्हणत आलो, बापाला हे करावं लागतं. काही करावं लागत नव्हतं, कमल. फुकट केलं. ते आठवलं की मला जेवण जात नाही, आणि जेवलो नाही की साखर उतरते, मग रुद्रेश तोंडात गूळ कोंबतो. लाज वाटते मला.

आता तू विचारशील, एवढी घाई आहे तर सरळ संजनाकरवी पल्लवीला का नाही कळवत. एका फोनचं काम. कारण संजनाला यातलं काही ठाऊक नाही. आत्ते का येत नाही म्हटलं की मी सांगतो, तिच्या सासरच्यांचा स्वभाव. तिला आजार सांगायचा तर आईचं सांगावं लागेल, आईचं सांगितलं की देवळाचं. तिचा संसार कशावर उभा राहिला ते तिला कळू नये म्हणून मी हे काम तुझ्या गळ्यात घालत होतो. आजही पहिल्यांदा माझंच बघितलं.

येत्या रविवारपर्यंत थांबतो. तोवर तू पल्लवीला सांगितल्याचं कळलं नाही तर मी संजनाला सगळं सांगणार.

दादा


कारापूर, १० नोव्हेंबर

कमल,

सांगितलं.

काल संजना आली होती. जनेलापाशी उजेडात बसून तांदूळ निवडत होती. मी समोर स्टूल घेऊन बसलो आणि पहिल्यापासून सांगितलं, आईच्या उशापासून देवळापर्यंत. ती तांदूळ निवडत राहिली. मला वाटलं ऐकतच नाहीये. सगळं झाल्यावर तिने एवढंच विचारलं, मोठ्याने, मला नीट कळेल असं, "आत्तेला ऐकू येत नव्हतं, हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

मी हो म्हटलं.

तिने हात झटकले आणि तिथूनच पल्लवीला फोन लावला. माझ्याकडे पाठ करून बोलत होती, काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. बराच वेळ बोलली. मध्ये एकदा डोळे पुसले. मग डॉक्टरणीच्या कागदाचा फोटो काढून पाठवला, चप्पल घातली, आणि चहा न घेता गेली. तांदूळ तसेच सुपात होते.

तिने कृष्णनाथलाही सांगितलं असणार. सांगू दे. रुद्रेश म्हणतो ती येईल चार दिवसांनी. मला तिचा स्वभाव माहीत आहे, माझ्यावर गेलीय, चार दिवसांत येणार नाही.

तू हे उघडशील की नाही ठाऊक नाही, तरी लिहितो. त्याच देवळात, त्याच माणसांपुढे, नारळावर हात ठेवून मी माझे शब्द मागे घ्यायला तयार आहे. जे आहेत त्यांना बोलाव. कृष्णनाथच्या मामांनाही बोलाव. तू दिवस सांग, मी पहिल्या बसने येतो. उन्हात मला रस्त्याचा मधला भाग दिसत नाही, पण बाजूने बघून चालता येतं.

पल्लवी कशी आहे एवढं तरी कोणाकडून कळव.

दादा


पेडणे, ८ डिसेंबर २०२५

दादा,

तुझं पहिलं पत्र मी परत केलं, माझ्या हाताने. विठ्ठलरावांना उगाच मध्ये घेऊ नकोस. पुढची बाबली देत गेला तशी डब्यात ठेवली. पल्लवीचा फोन आला त्या दिवशी सगळी एका बैठकीत वाचली. दोनदा वाचली.

आधी पोरीचं. दुसऱ्याच दिवशी ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी कागद बघितला, बांबोळीला तुझ्या डॉक्टरणीशी बोलले आणि गोळ्या बंद करून इन्सुलिन सुरू केलं. तपासण्या गेल्या आठवड्यात आल्या. मला आहे. पल्लवीला आहे. स्वप्नीलचं अजून यायचंय. पल्लवीच्या बाळाला किती येईल ते कोणी सांगू शकत नाही. थोडं येईल, पुष्कळ येईल, किंवा आयुष्यभर त्रासच होणार नाही. पल्लवी दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, तुला कोणी सांगितलं नव्हतं. मला माहीत आहे. माझ्या बाळाचे कान मी पहिल्या महिन्यापासून तपासून घेईन." माझे डोळेही बघितले. डाग आहेत, पण कडेला. अजून मला सगळं दिसतं.

आता देवळाचं. तू एवढं लांबलचक लिहिलंस, पण त्यातलं एक तुला माहीत नाही.

मला त्या दिवशी काही ऐकू आलं नव्हतं. तू बोलायला उभा राहिलास तेव्हा मला वाटलं, आता दादा सांगणार. आईचं सांगणार, आजीचं सांगणार, आणि हे सगळं आज संपणार. तुझे ओठ हलत होते आणि मी मान डोलावत होते. सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले तेव्हा मी हात जोडले. माझा भाऊ माझ्यासाठी उभा राहिला म्हणून. लोकांना वाटलं मी चूक कबूल केली.

घरी आल्यावर सगळे माझ्याशी असे का वागतायत ते कळेना. मग पल्लवीने शाळेच्या वहीत लिहून दाखवलं, मामा काय बोलला ते. शब्दन् शब्द. दहावीला होती, देवळात मागे बसली होती. मी तिलाच रागावले की खोटं लिहितेस.

त्यानंतर पाच वर्षं मला कोणी कानाच्या डॉक्टरकडे नेलं नाही. ऐकू येतं ना हिला, भावाने सांगितलंय. आता यंत्र आहे, पण चारचौघांत त्याचा उपयोग होत नाही.

मी तुला माफ केलं असं लिहिणार नाही, कारण तसं झालेलं नाही. संजनाला सांगितलंस ते बरं केलंस. पोरीवर चिडू नकोस.

देवळात येऊ नकोस. तेव्हाची निम्मी माणसं आता नाहीत, आणि देवाला मुळातच सगळं ठाऊक होतं. घरी ये. सासूबाई आहेत अजून, ब्याऐंशीच्या झाल्या, त्यांनाही हल्ली कमी ऐकू येतं. त्यांच्यासमोर बस आणि काय ते मोठ्याने बोल. विठ्ठलराव असतील. पल्लवी बाळंतपणाला आलीय, तीही असेल. तू काय बोललास ते ती मला लिहून दाखवील.

मग बघू.

कमल